हॅरी पॉटरची थोरवी नेमकी कशात?

२६ जून १९९७ रोजी लंडनच्या ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने जे. के. रोलिंग या अपरिचित लेखिकेची पहिली कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हा पक्क्या बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती काढण्यात आल्या होत्या आणि त्यांतल्याही बऱ्याचशा ग्रंथालयांकडे गेल्या. दहा वर्षांनी, २१ जुलै २००७ रोजी, याच मालिकेचा सातवा आणि शेवटचा खंड आला, त्या वेळी पहिल्या चोवीस तासांत अमेरिकेत ८३ लाख आणि ब्रिटनमध्ये सुमारे २६ लाख प्रती विकल्या गेल्या. मालिकेच्या एकूण खपाने आता ६० कोटींचा टप्पा ओलांडला आहे आणि ऐंशीहून अधिक भाषांत तिचे अनुवाद झाले आहेत. मराठीत ती मंजुल पब्लिशिंग हाऊसने आणली आणि 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाचा पहिला खंड अनेक घरांतील मुलांच्या कपाटात जाऊन बसला. एवढा खप हा गुणवत्तेचा पुरावा ठरत नाही, हे कोणत्याही जाणत्या वाचकाला मान्य होईल. पण इतक्या मोठ्या वाचकवर्गाने एक संपूर्ण दशक एका कथेच्या पुढच्या भागाची वाट पाहिली, या गोष्टीचा उलगडा केवळ जाहिरातबाजीने होत नाही. म्हणून ही कीर्ती रास्त आहे का, एवढ्यावर न थांबता ती कशाकरिता रास्त आहे, हे तपासणे आवश्यक ठरते. या प्रकरणात मांडलेले मत असे की कीर्ती बव्हंशी रास्त आहे, मात्र कल्पनेची नवलाई, भाषेचे सौंदर्य आणि मुलांना पुस्तकांकडे वळवल्याचे श्रेय या ज्या तीन कारणांसाठी मालिकेची सर्वाधिक वाहवा होते, त्यांपैकी एकही तिची खरी जमेची बाजू नव्हे.

आक्षेप घेणारे लोक सामान्य नव्हते. येल विद्यापीठातील विख्यात समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम यांनी जुलै २००० मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये लेख लिहून या पुस्तकांची शैली झिजलेल्या शब्दप्रयोगांनी भरलेली असल्याचे सांगितले आणि कोट्यवधी खरेदीदारांची निवड चुकीची असू शकते, असे स्पष्ट म्हटले. तीन वर्षांनी कादंबरीकार ए. एस. बायट यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आणखी मुद्देसूद टीका केली. ती समजून घेण्यासाठी 'दुय्यम सृष्टी' ही संकल्पना ठाऊक असावी लागते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी परीकथांवरील आपल्या विवेचनात असे प्रतिपादन केले होते की अद्भुतकथेचा लेखक वास्तवाहून निराळी, पण स्वतःच्या नियमांशी सुसंगत अशी एक सृष्टी उभी करतो, आणि त्या सृष्टीत असेपर्यंत वाचक तिच्यावर खरोखर विश्वास ठेवतो. या सृष्टीला त्यांनी दुय्यम सृष्टी म्हटले. बायट यांचे म्हणणे असे की रोलिंग यांची सृष्टी थेट कल्पनेतून जन्मलेली नसून आधीच्या बालसाहित्यातील उसन्या कल्पनांतून जुळवलेली आहे, त्यामुळे तिच्यात गूढतेचा, भीतीयुक्त आदराचा अंश फारसा उरत नाही.

या आक्षेपातला तपशिलाचा भाग निर्विवादपणे खरा आहे. वसतिगृहाच्या शाळेत राहणारी मुले, त्यांची गटागटांतील चुरस, कडक आणि प्रेमळ शिक्षक, मैदानावरचा निर्णायक सामना आणि वर्षअखेरची परीक्षा यांभोवती फिरणाऱ्या कथाप्रकाराला इंग्रजीत दीर्घ परंपरा आहे. त्याला शालाकथा म्हणता येईल. टॉमस ह्यूज यांच्या १८५७ च्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज'पासून एनिड ब्लायटन यांच्या 'मॅलरी टॉवर्स' मालिकेपर्यंत ही वाट मळलेली होती. अशा शाळेत जादू शिकवण्याची कल्पनाही जुनीच. अमेरिकी लेखिका अर्सुला ल गिन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या १९६८ च्या कादंबरीत रोक बेटावर जादूगारांची शाळा आहे, तेथे जाणारा एक गरीब पण असामान्य मुलगा आहे आणि त्याला हिणवणारा एक उच्चकुलीन सहाध्यायीही आहे. जिल मर्फी यांची चेटकिणींची शाळा १९७४ मध्ये आली, तर डायना विन जोन्स यांनी अनाथ मुले, जादू आणि विश्वासघात यांची सांगड 'चार्म्ड लाइफ'मध्ये १९७७ सालीच घातली होती. ल गिन यांची तक्रार मात्र नीट वाचली पाहिजे, कारण उसनवारीला त्यांचा विरोध नव्हता. पहिल्या खंडाला अपूर्व आणि अभूतपूर्व म्हणणाऱ्या परीक्षकांचे वाचन किती तोकडे असावे, याचे त्यांना आश्चर्य वाटले होते, आणि पूर्वसुरींविषयी रोलिंग यांनी अधिक मोकळ्या मनाने बोलायला हवे होते, असे त्यांचे मत होते. ही तक्रार न्याय्य आहे. मौलिकतेच्या निकषावर ही मालिका थोर ठरत नाही आणि तिच्या चाहत्यांनी तसा हट्ट धरण्याचे कारणही नाही.

भाषेबाबत फार लिहिण्यासारखे नाही. प्रत्येक संवादानंतर बोलणारा कसा बोलला हे क्रियाविशेषणाने सांगण्याची सवय, ठराविक हावभावांची पुनरुक्ती आणि चौथ्या खंडानंतर सैल पडत गेलेले संपादन हे दोष सहज दिसतात. मालिकेचे एरवी कौतुक करणारे स्टीफन किंग यांनीही क्रियाविशेषणांच्या या भडिमाराकडे बोट दाखवले होते. पहिला खंड मूळ इंग्रजीत सुमारे ७७ हजार शब्दांचा आहे, तर पाचवा सुमारे २ लाख ५७ हजार शब्दांचा, आणि या वाढीतला बराच भाग कथेला अनावश्यक आहे. तरीही या गद्याची एक बाजू टीकाकारांच्या नजरेतून निसटते: ते कोठेही स्वतःकडे लक्ष वेधत नाही, त्यामुळे दहा वर्षांचे मूल कोणाच्या मदतीशिवाय शेकडो पाने पार करू शकते. हा गुण लहान नाही, पण त्याला शैलीचे वैभव म्हणणे अतिशयोक्त ठरेल.

वाचनसंस्कृती वाचवल्याचा दावा तपासताना अधिक सावधगिरी हवी. या पुस्तकांनी प्रकाशन व्यवसायाचे रूप बदलले, याविषयी शंका नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या सर्वाधिक खपाच्या यादीत वरच्या जागा ही पुस्तके अडवून बसल्यामुळे त्या वृत्तपत्राला जुलै २००० मध्ये मुलांच्या पुस्तकांची स्वतंत्र यादी सुरू करावी लागली. बालसाहित्याला पुस्तकांच्या दुकानात दर्शनी जागा मिळाली, जाड पुस्तके मुले वाचत नाहीत हा प्रकाशकांचा समज मोडला आणि अनेक नव्या लेखकांना संधी मिळाली. परंतु अमेरिकेतील नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या शासकीय संस्थेच्या २००७ च्या अहवालाने वेगळेच चित्र समोर ठेवले. जवळजवळ दररोज आवडीने वाचणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९८४ मध्ये ३५ टक्के होते, ते २००४ मध्ये ३० टक्क्यांवर आले होते, आणि सतरा वर्षांच्या मुलांत ते ३१ वरून २२ टक्क्यांपर्यंत घसरले होते. नऊ वर्षांच्या मुलांत मात्र फारसा फरक नव्हता. याचा अर्थ मालिकेच्या भर बहराच्या काळातही पौगंडावस्थेतील वाचन आधीच्या पातळीवर परतले नाही. अब्जावधींचा व्यवहार करणारी एक कथा समाजाच्या वाचनसवयी बदलू शकते, ही अपेक्षाच मुळात अवास्तव होती, आणि ती पूर्ण झाली नाही म्हणून कथेला दोष देणेही तितकेच गैर होय.

मग उरते काय? उरते ती कथानकाची बांधणी, आणि तेथे या मालिकेला बालसाहित्यात फार थोडे प्रतिस्पर्धी आहेत. जादूची झूल बाजूला सारली तर पहिले सहा खंड जवळजवळ शुद्ध रहस्यकथा आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील गुन्हेशोधकथेने स्वतःवर एक बंधन घालून घेतले होते, ते असे की शोधकाला सापडणारा प्रत्येक दुवा वाचकासमोरही उघड ठेवलेला असावा. लेखकाने तो दडवू नये, तर वाचकाचे लक्ष त्यावरून हळूच दुसरीकडे वळवावे. यासाठी पेरलेल्या फसव्या खुणेला चकवा म्हणता येईल. रोलिंग हे बंधन केवळ एका पुस्तकापुरते पाळत नाहीत. ते त्या वर्षानुवर्षांच्या अंतरावर पाळतात, आणि कथा सर्वस्वी हॅरीच्या नजरेतून सांगितलेली असल्यामुळे त्याचे पूर्वग्रह हेच सर्वात परिणामकारक चकवे ठरतात.

याचे एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९९८ च्या दुसऱ्या खंडात हॅरी चुकून काळ्या जादूच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात पोहोचतो आणि शाळेतील प्रतिस्पर्धी ड्रेको मॅल्फॉय आणि त्याचे वडील यांना टाळण्यासाठी एका मोठ्या काळ्या कपाटात लपतो. वाचकाच्या लेखी ते केवळ लपण्याचे ठिकाण असते. त्याच खंडात पुढे शाळेतील एक भूत हॅरीला शिक्षेतून सोडवण्यासाठी एका उपद्रवी पिशाचाकरवी वरच्या मजल्यावरून एक जड कपाट खाली पाडून घेते, आणि ते मौल्यवान 'अदृश्य करणारे' कपाट होते, असा उल्लेख ओझरता येऊन जातो. हा प्रसंग विनोदी असल्यामुळे कोणीही त्यावर थांबत नाही. २००३ च्या पाचव्या खंडात दांडगाई करणाऱ्या एका विद्यार्थ्याला वीझ्ली जुळे भाऊ त्याच मोडक्या कपाटात ढकलतात आणि तो काही काळाने भलत्याच जागी, अर्धवट शुद्धीत सापडतो. हाही प्रसंग थट्टेचाच. शेवटी २००५ च्या सहाव्या खंडात कळते की ती दोन कपाटे जोडीची आहेत, त्यांच्यामध्ये वाट आहे आणि ड्रेको मॅल्फॉयने वर्षभर खपून ती दुरुस्त केली आहे. त्या वाटेने शत्रू शाळेत शिरतात आणि त्याच रात्री शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर मारले जातात. सात वर्षे ही वस्तू वाचकाच्या डोळ्यांसमोर होती. अशीच रचना पहिल्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात उल्लेखलेल्या सिरियस ब्लॅकच्या मोटारसायकलची, एक बोट नसलेल्या आणि आपल्या जातीच्या मानाने फारच दीर्घायुषी ठरलेल्या स्कॅबर्स या उंदराची, आणि पाचव्या खंडात पेट्युनियामावशीच्या तोंडून निसटलेल्या एका वाक्याची आहे. आपल्या बहिणीशी पूर्वी बोलणाऱ्या एका वाईट मुलाचा ती उल्लेख करते, हॅरी तो मुलगा म्हणजे आपले वडील असे गृहीत धरतो, आणि तो पुढे हॅरीचा शिक्षक झालेला स्नेप होता हे शेवटच्या खंडात उघड होते. रोलिंग यांनी २०१३ पासून रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावाने थेट गुन्हेशोधकथा लिहायला घेतल्या, यात मूळ पिंडाची ओळखच पटते.

या बांधणीमुळे मुलांना वाचनाची एक मौल्यवान सवय लागते: मागे जाऊन पुन्हा वाचण्याची. दोन खंडांमधल्या प्रतीक्षेच्या काळात लाखो मुलांनी आधीचे खंड दुवे शोधण्यासाठी पुन्हा पुन्हा चाळले, तर्क मांडले, वाद घातले. वाचनाचे प्रमाण वाढले नसेल, पण इतक्या मोठ्या संख्येने मुलांनी एखाद्या संहितेचे इतके बारकाईने वाचन केल्याचा दुसरा प्रसंग दाखवता येणे अवघड आहे.

दुसरे बलस्थान मृत्यूच्या हाताळणीत आहे. रोलिंग यांनी १९९० मध्ये ही कथा लिहायला घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या आईचे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने वयाच्या ४५ व्या वर्षी निधन झाले. पहिल्या खंडात मनातील सर्वात खोल इच्छा दाखवणाऱ्या आरशासमोर हॅरी रात्रीमागून रात्री मृत आईवडिलांना पाहत बसतो, आणि हे पाहणे सुखाचे असले तरी माणसाला जगण्यापासून तोडणारे आहे, हे त्याला समजावून सांगावे लागते. तिसऱ्या खंडातील डिमेंटर, म्हणजे माणसातील आनंदाची प्रत्येक आठवण शोषून घेणारे तुरुंगरक्षक, लेखिकेने स्वतः सोसलेल्या नैराश्यातून आकाराला आले आहेत. नैराश्य म्हणजे नुसते दुःख नसून सुखाची आठवणसुद्धा हाती न लागणे होय, हे दहा-अकरा वर्षांच्या वाचकापर्यंत इतक्या थेटपणे पोहोचवणारी दुसरी प्रतिमा अलीकडच्या बालसाहित्यात सापडत नाही.

परंतु सगळ्यात उंच जागा गाठली आहे ती पाचव्या खंडातील एका छोट्या प्रसंगाने, ज्यात जादू जवळजवळ नाहीच. नेव्हिल लाँगबॉटम हा विसरभोळा, सगळ्यांच्या थट्टेचा विषय झालेला मुलगा. नाताळच्या सुट्टीत त्याचे मित्र रुग्णालयात गेले असता त्यांना तो आजीबरोबर तेथे भेटतो आणि कळते की त्याचे आईवडील छळामुळे मनाचा तोल कायमचा गमावून वर्षानुवर्षे त्याच कक्षात आहेत. त्याची आई न बोलता जवळ येते आणि च्युइंगमचा एक रिकामा कागद त्याच्या हातात ठेवते. आजी तो टाकून द्यायला सांगते. असे कागद आजवर कितीतरी साठले असतील, असेही म्हणते. नेव्हिल तो कागद गुपचूप खिशात घालतो. लेखिका येथे एकही स्पष्टीकरण देत नाही, आणि शैलीच्या नावाने तिला बोल लावणाऱ्यांनी हे अर्धे पान वाचायलाच हवे.

त्याच खंडातील डोलोरेस अंब्रिज ही शिक्षिका हेही लक्षणीय यश आहे. व्होल्डेमॉर्टसारखा खलनायक मुलांना प्रत्यक्षात कधी भेटत नाही. गोड आवाजात बोलणारी, नियमांमागून नियम भिंतीवर लावणारी आणि खोटे न बोलण्याची ओळ विद्यार्थ्याला स्वतःच्याच रक्ताने लिहायला लावणारी अधिकारी व्यक्ती मात्र प्रत्येक देशातील मूल ओळखते. सरकार सत्य नाकारते, वृत्तपत्र त्याची री ओढते आणि खरे बोलणारा खोटारडा ठरतो, ही प्रक्रिया या खंडात पायरीपायरीने दिसते. इटलीतील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवीतील ३४ मुलांपैकी एका गटाला या मालिकेतील भेदभावाविषयीचे उतारे वाचायला देऊन सहा आठवडे चर्चा घेण्यात आली, तेव्हा त्या गटातील हॅरीशी जवळीक वाटणाऱ्या मुलांचा स्थलांतरितांकडे पाहण्याचा दृष्टिकोन सुधारलेला आढळला. मुलांची संख्या थोडी असल्याने या निष्कर्षाला फार ताणू नये, पण तो दुर्लक्षण्याजोगाही नाही.

याच नैतिक दाव्यामुळे मालिकेतील काही उणिवा अधिक खुपतात. अकराव्या वर्षी एका टोपीने मुलांचे स्वभाव ठरवून त्यांची चार गटांत कायमची वाटणी करावी, ही व्यवस्था कथेत कधीच गंभीरपणे तपासली जात नाही, आणि अंतिम लढाईआधी स्लिदरिन गटाचे टेबल पूर्णपणे रिकामे होते, त्यांच्यातला एकही विद्यार्थी मागे थांबत नाही. रक्तशुद्धीच्या कल्पनेवर प्रहार करणाऱ्या पुस्तकाने एक चतुर्थांश मुलांना असे बाद करणे हा त्याच्याच विचाराशी झालेला द्रोह आहे. घरकाम करणाऱ्या एल्फ जमातीचा प्रश्न त्याहून अवघड. चौथ्या खंडात हॅरीची मैत्रीण हर्मायनी त्यांच्या मुक्तीसाठी संघटना काढते, पण तिची तळमळ बहुतेक वेळा हसण्यावारी नेली जाते, बहुसंख्य एल्फना गुलामीच प्रिय असल्याचे दाखवले जाते, आणि सातव्या खंडात युद्ध जिंकल्यावर थकलेल्या हॅरीच्या मनात त्याचा एल्फ क्रीचर आपल्याला खायला आणून देईल का, असा विचार येतो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून कामे वाटून दिली आणि ती वाटणी सेवकालाही मान्य असल्याचे सांगितले, त्या समाजातील वाचकाला हा युक्तिवाद चांगलाच परिचयाचा वाटेल, आणि तो विनासंकोच नाकारण्याचा अधिकारही त्याला आहे. पद्मा आणि पार्वती पाटील या जुळ्या बहिणींचे आडनाव पाहून मराठी वाचक सुखावतो, पण नृत्यसमारंभातील सोन्याच्या बांगड्या वगळता त्यांच्या घराविषयी, भाषेविषयी पुस्तकात काहीही येत नाही. नावापुरती विविधता ती हीच.

लिंगभावाच्या प्रश्नावर रोलिंग यांनी २०१९ च्या अखेरीपासून घेतलेल्या भूमिकांमुळे जुने वाचक दुभंगले आहेत आणि काहींना ही पुस्तके हाती धरवत नाहीत. त्या वादाचा निवाडा त्या वादाच्या गुणदोषांवर व्हावा. सात खंडांतील कथनकौशल्य त्याने वाढत नाही आणि घटतही नाही.

मालिकेची पारख खंडवार केली तर १९९९ चा तिसरा खंड सर्वोत्तम ठरतो, कारण त्यात रहस्य, दुःख आणि विनोद यांचा तोल कोठेही ढळत नाही. पाचवा विचाराने सर्वात समृद्ध आहे, पण त्याला कठोर संपादकाची गरज होती. पहिले दोन खंड गोड असले तरी परंपरेच्या चौकटीतले आहेत. सातव्याचा एकोणीस वर्षांनंतरचा उपसंहार अनावश्यक आहे. ब्रिटनमधील स्मार्टीज पुरस्काराची अंतिम क्रमवारी शाळकरी मुलांच्या मतांनी ठरत असे, आणि मुलांनी १९९७, १९९८ व १९९९ अशी सलग तीन वर्षे सुवर्णपदक याच मालिकेला दिले. मुलांच्या त्या निवडीत चूक काढण्यासारखे काही नाही. मात्र ज्या घरात एखादे मूल सातवा खंड संपवून आता पुढे काय, असे विचारत असेल, तेथे मोठ्यांनी त्याच्या हाती ल गिन यांची 'अर्थसी' आणि डायना विन जोन्स यांची 'चार्म्ड लाइफ' अवश्य द्यावी. हॅरीच्या हॉगवर्ट्स शाळेच्या आधीपासून चालू असलेल्या जादूच्या शाळा कशा होत्या, हे त्याला स्वतःच वाचून ठरवू द्यावे.